बोटीच्या बुडाला फोड आले? पुट्टी लावायच्या आधी या चुका टाळा

खडकवासल्याच्या पाण्यातून वर काढलेल्या एका फायबर बोटीच्या बुडावरून हात फिरवला, तर साबुदाण्याच्या पापडासारखं खरबरीत लागलं. मालक म्हणाले, "अहो, हे गोडं पाणी. मिठाचा त्रास नाही, मग फोड कसे?" गफलत इथेच होते. समुद्रापेक्षा गोड्या पाण्यात हे फोड लवकर येतात. जेलकोटमधून, म्हणजे बोटीच्या बाहेरच्या गुळगुळीत थरातून, पाणी हळूहळू आत झिरपतं आणि रेझिनमधले (फायबर घट्ट धरून ठेवणाऱ्या रसायनातले) ग्लायकॉलसारखे पदार्थ विरघळून तिथे दाट द्रावण तयार होतं. मग भिजत घातलेल्या बेदाण्यासारखं ते बाहेरचं पाणी ओढत राहतं. बाहेरच्या पाण्यात क्षार जितके कमी, तितकी ही ओढ जास्त.

आधी एक फोड फोडून बघा, पण डोळ्यांवर गॉगल हवाच. आतलं पाणी आम्लधर्मी असतं आणि दाबाखाली असल्यामुळे त्याची चिळकांडी उडते. आंबूस वास आला आणि बोटांना बुळबुळीत, चिकट लागलं, तर हा ऑस्मोसिस, म्हणजे वर सांगितलेली पाण्याची ओढ. साधं, बिनवासाचं पाणी निघालं तर बहुधा फक्त रंग सुटलाय.

फोड घासून त्यात पॉलिएस्टर पुट्टी भरणं ही सर्रास होणारी चूक. त्या मालकांनीही तेच केलं होतं. पुट्टीच्या कडेने नवे फोड उठले होते.

त्याहून मोठी चूक म्हणजे न धुता वाळवणं. ग्लायकॉल उन्हात उडून जात नाही, त्याचा उत्कलनबिंदू १८८ अंश सेल्सिअसच्या आसपास आहे. शिवाय ते हवेतली ओल धरून ठेवतं. म्हणून जेलकोट सोलल्यावर गरम, स्वच्छ पाण्याच्या दाबाने बूड पुन्हापुन्हा धुवा, मधे वाळू द्या, परत धुवा. आठवडे लागतात, पण तिथे घाई करू नका. ओल मोजायच्या मीटरचा आकडा खालीच येत नसेल, तर हीटर लावण्याआधी आणखी एकदा धुवून बघा. उरलेलं ग्लायकॉलही मीटरला ओलच दाखवतं.

बूड वाळलं की मग इपॉक्सी, म्हणजे रेझिन आणि हार्डनर (ते घट्ट करणारं रसायन) कालवून द्यायचा नवा थर. आपल्याकडच्या फायबरवाल्या कारागिरांचा हात पॉलिएस्टरला सरावलेला असतो. ऊन जास्त असलं की हार्डनर कमी टाकायचा, ही त्यांची सवय. इपॉक्सीत तसं चालत नाही. प्रमाण चुकलं की थर कायमचा मऊ राहतो. डब्यावरचं प्रमाण अचूक मोजूनच घ्या, आणि उन्हाळ्यात एका वेळी थोडंच कालवा. वाळलेल्या थरावर मेणचट पापुद्रा आला, तर पुढचा हात देण्याआधी तो पाण्याने घासून काढा. थिनरने तो नुसता पसरतो.

आणि हे काम जूनमध्ये काढू नका. पुण्याच्या पावसाळी हवेत सोललेलं बूड वाळत नाही. दहा-बारा छोट्या फोडांनी बोट बुडत नाही. त्यांच्याभोवती खडूने गोल करा, फोटो काढून ठेवा, बोट शेडमध्ये ठेवा आणि दिवाळीनंतर ग्राइंडर हातात घ्या.