टेरेसवर टीव्ही लावायचाय? आधी भिंत बघा

आयपीएल जवळ आलं की फोन सुरू होतात. "टेरेसवर टीव्ही लावून द्या, शनिवारी माणसं यायचीत." मी येतो, पण ड्रिल काढायच्या आधी जरा वेळ भिंतीकडे नुसता बघत उभा राहतो. गिऱ्हाइकाला वाटतं टाइमपास चाललाय. त्रेचाळीस इंची टीव्हीचं वजन आठ-नऊ किलोच्या आसपास. तेवढं कुठलीही धड भिंत पेलते. बाहेरचा टीव्ही जातो तो पाण्यानं आणि उन्हानं, आणि ती दोन्ही कुठून येतात हे भिंत बघितल्यावर कळतं.

काळे शेवाळी ओघळ असतील, रंग फुगला असेल, तर तिथे पाणी येतंच. कितीही सिलिकॉन थापलं तरी ती जागा सोडा. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून तिरका मारतो. त्यामुळे पश्चिमेला तोंड असलेली भिंत पावसाच्याही तोंडी आणि दुपारच्या उन्हाच्याही. एप्रिलमध्ये चार वाजता तिच्यावर हात ठेवून बघा. पॅनेलवर असं थेट ऊन पडत राहिलं की पडद्यावर काळे डाग उमटतात. उत्तरेकडे तोंड असलेली भिंत सगळ्यात बरी, आणि वर दोन फूट तरी छज्जा हवाच. पॉलीकार्बोनेटचं छप्पर पाऊस अडवतं, पण खालची हवा तापवतं, तेव्हा टीव्ही त्याला चिकटवू नका.

फ्लॅट असेल तर सोसायटीला आधी अर्ज द्या. बाहेरची भिंत सामाईक असते, आणि उद्या खालच्यांच्या हॉलमध्ये ओल आली की पहिलं बोट तुमच्या भोकाकडेच जाणार.

आता भिंत कशाची आहे ते बघायचं. सहा एमएमच्या बिटानं एक बारीक भोक पाडा आणि काय भुकटी पडते ते तळहातावर घ्या. आधी राखाडी येईल, ते प्लास्टर. मग लाल आली तर वीट. पांढरी, हलकी भुकटी आली आणि बिट जोर न लावताच आत गेलं, तर सिपोरेक्स, म्हणजे हलके सच्छिद्र ब्लॉक. बिट पुढे सरकेना आणि कर्कश आवाज करायला लागलं, तर काँक्रीट. मिवानच्या, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेल्या टॉवरमध्ये सगळी भिंतच तशी असते. विटेत बिट मध्येच सुटल्यासारखं आत गेलं तर ते सांध्यात गेलंय. इंचभर सरकवून विटेत घ्या. आणि स्विचबोर्डच्या सरळ वर किंवा खाली भोक पाडू नका, तिथून पाइप गेलेला असतो.

विटेला दहाची लांब नायलॉन गिट्टी पुरते, काँक्रीटला फास्टनर. सिपोरेक्सला साधा फास्टनर ठोकलात तर तो फुगताना ब्लॉकच फोडतो. तिथे ड्रिलचा हॅमर बंद ठेवून भोक पाडा, आणि केमिकल अँकर (भोकात घट्ट होऊन बोल्ट धरणारं रसायन) तरी भरा किंवा आरपार बोल्ट घालून आतल्या बाजूला लोखंडी पट्टी द्या. पुढे-मागे होणारा हाताचा ब्रॅकेट हवा असेल तर सिपोरेक्सवर आरपारच. हात बाहेर ओढला की सगळा ताण वरच्या दोन बोल्टांवर येतो, त्यात वारा सुटला की विचारूच नका. बोल्ट ३०४ स्टीलचे घ्या, पुण्यात बोहरी आळीत सुटे मिळतात. ब्रॅकेटबरोबर येणारे स्क्रू घरातल्या भिंतीसाठी असतात, बाहेर गंजतात. भोकातली धूळ फुंकून काढा, आत सिलिकॉन भरा, मगच गिट्टी. ब्रॅकेट खाली दहा-पंधरा अंश झुकणारा असेल तर आकाशाची चकाकी पडद्यावर कमी येते.

विजेच्या कामात मात्र मी कुणाचं ऐकत नाही. खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढून चालवणार असाल तर मला बोलावू नका. आतल्या बोर्डातून दीड स्क्वेअर एमएमची तीन कोअर वायर पाइपातून न्या, त्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) आहे ना ते बघा, त्याचं टेस्टचं बटण दाबून तो पडतो का तेही बघा. अर्थिंग नसेल तर काम तिथेच थांबवा. सॉकेट झाकणवाला, आयपी ६५, म्हणजे धूळ आणि पाणी अडवणारा. तपकीर गल्लीत सहज मिळतो. वायरीचं भोक आतून बाहेर उतरतं ठेवा, म्हणजे पाणी घरात येणार नाही. बाहेर वायर थेट सॉकेटमध्ये घालू नका, आधी खाली झोळ द्या. पाणी वायरीवरून येतं आणि झोळाच्या तळाशी ठिबकतं. बॉक्सच्या वरच्या आणि दोन्ही बाजूंना सिलिकॉन लावा, खालची बाजू मोकळी ठेवा. चारही बाजू बंद केल्यात तर आत शिरलेलं पाणी आतच राहतं.

सेट टॉप बॉक्स घरात ठेवून एचडीएमआय केबल बाहेर काढलेली बरी. दहा मीटरच्या आत असेल तर साध्या केबलवर भागतं.

आणि आता पुण्यापुरता सल्ला, जो दुकानदार देत नाहीत. बाहेरसाठीच बनवलेले टीव्ही कैकपट महाग असतात. त्यापेक्षा घरातलाच टीव्ही घ्या, हुकावर अडकवायचा आणि उचलून काढता येईल असा ब्रॅकेट लावा, आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात टीव्ही आत न्या. तोवर बहुतेक वेळा आयपीएलही उरकलेलं असतं. ऑक्टोबरात पुन्हा बाहेर. मे महिन्यात वळीव गडगडायला लागला की प्लग काढा आणि डिशची केबलही. ती अनेक जण विसरतात. कव्हर घालायचं ते टीव्ही बंद करून थंड झाल्यावर. मागच्या जाळीत पाल शिरते, तिथली कोळिष्टकं महिन्याकाठी ब्रशनं काढा.

चार महिने ब्रॅकेट भिंतीवर रिकामा राहील. बोल्टांना ग्रीस लावा, सॉकेटचा एमसीबी खाली पाडून ठेवा. आणि त्या ब्रॅकेटला कपड्यांची दोरी बांधू नका. बांधतात.