घरच्या स्विमिंग पूलचा महिन्याचा खर्च: पुण्यात हिशेब कसा मांडायचा आणि कुठे कमी करायचा

पूल बांधणारा ठेकेदार बांधकामाचा आकडा चोख सांगतो. पुढे महिन्याला काय लागेल, असं विचारलं की "क्लोरीनचा काय तो खर्च" म्हणून मोकळा होतो. क्लोरीनला फार पैसे पडतच नाहीत. पैसे जातात ते पंपाच्या तासांत आणि गटारात सोडलेल्या पाण्यात. हे दोन्ही किती होणार, ते मात्र पाण्यात काय टाकता आणि काय टाकत नाही, यावर ठरतं. म्हणून आधी वीज, मग पाणी आणि मग रसायनं, या क्रमाने हिशेब मांडू.

उदाहरणासाठी बाणेर-बावधनकडच्या बंगल्यांमागे असतो तसा पूल घेऊ: ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी १.३ मीटर खोल. पाणी साधारण ४२,००० लिटर. सोबत ६०० मिलिमीटरचा सँड फिल्टर आणि १ एचपीचा पंप. तुमचा पूल लहान-मोठा असेल तर आकडे त्या प्रमाणात बदला.

कशालाही हात लावण्याआधी दोन वस्तू बसवून घ्या. पंपाच्या बोर्डावर एक सब-मीटर आणि पूल भरायच्या नळाला एक पाण्याचा मीटर. दोन्ही साध्या आहेत, स्वस्त आहेत आणि जवळजवळ कोणीच बसवत नाही. मग बिल वाढलं की एसीवर संशय आणि पाणी कमी झालं की उन्हाळ्यावर.

वीज

१ एचपीचा पूल पंप तासाला साधारण १ ते १.१ युनिट घेतो आणि तेवढ्या वेळात १२,००० लिटरच्या आसपास पाणी फिल्टरमधून काढतो. म्हणजे ४२,००० लिटरची एक फेरी साडेतीन तासांत होते. उन्हाळ्यात दिवसाला दोन फेऱ्या हव्यात, म्हणजे सात तास. साडेसात युनिट धरले तर महिन्याचे सव्वादोनशे.

आता खरी मेख. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांनी चढतात: १०० पर्यंत, ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यापुढे. घराचा वापर आधीच ३०० युनिट असेल तर पूलचे सव्वादोनशे त्याच्या डोक्यावर बसतात, म्हणजे जवळजवळ सगळे ३०१ ते ५०० या टप्प्यात आणि थोडे त्याच्याही वर. बिलावरचा सरासरी दर काढून पूलचा खर्च मोजाल तर फसाल. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून तुमच्या सर्वात वरच्या टप्प्याचा दर काढा. तो युनिटमागे १५ ते २० रुपयांच्या घरात असेल तर नुसता पंप महिन्याला ३,४०० ते ४,५०० रुपये खातो.

हा आकडा खाली आणायचे दोन मार्ग आहेत. पहिला फुकटचा: ऋतूप्रमाणे तास बदला. डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, शेवाळ वाढत नाही, पोहणारेही कमी, तेव्हा चार तास पुरतात. टायमर एकदा लावला की तो वर्षभर तसाच राहतो, ही सगळीकडची गोष्ट. दुसरा मार्ग व्हेरिएबल स्पीड पंपाचा. पंपाचा वेग निम्मा केला की पाणी निम्मं येतं, पण विजेची ओढ हिशेबाने एक-अष्टमांशावर येते. प्रत्यक्षात मोटरची कार्यक्षमताही घटते, त्यामुळे इतकी बचत होत नाही. तरी तेच पाणी १४ तासांत संथपणे फिरवलं तर साडेसात युनिटांऐवजी अडीच-तीनमध्ये काम होतं. बॅकवॉशला, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुवायला, मात्र पूर्ण वेग द्यावाच लागतो.

छतावर सोलर असेल तर पंप दुपारी चालवा. पुण्यात १ किलोवॉटचं पॅनेल दिवसाला साधारण ४ युनिट देतं, म्हणजे पूलसाठी वेगळा विचार केला तर २ किलोवॉट लागतात.

पाणी

आपल्या पूलचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर, म्हणून पातळी १ मिलिमीटर उतरली की ३२ लिटर गेले. एवढं लक्षात ठेवलं की बाकी हिशेब तोंडी होतो. एप्रिल-मेच्या कोरड्या वाऱ्यात रोज ६ ते ८ मिलिमीटर उडतात. ७ धरले तर दिवसाला २२४ लिटर, महिन्याला पावणेसात हजार. आठवड्याच्या बॅकवॉशला दर वेळी ६०० ते ७०० लिटर, म्हणजे आणखी अडीच-पावणेतीन हजार. मुलांनी उडवलेलं पाणी वेगळंच. थोडक्यात, मे महिन्यात महिन्याला एक दहा हजारी टँकर नुसती पातळी राखायला लागतो. टँकरचा भाव मे महिन्यात काय असतो ते सूस-म्हाळुंगेकडे राहणाऱ्यांना सांगायला नको.

यापेक्षा जास्त पाणी लागत असेल तर गळती शोधा. पूलच्या पायरीवर एक बादली ठेवा, पायरीवर पाणी नसेल तर जड दगड घालून पूलमध्ये बसवा. बादलीत पूलइतक्याच पातळीपर्यंत पाणी भरा आणि आत-बाहेर पेन्सिलने खूण करा. २४ तास पंप बंद, पोहणं बंद. दुसऱ्या दिवशी पंप चालू ठेवून पुन्हा तेच. बादलीपेक्षा पूल जास्त उतरला तर गळती आहे. पंप चालू असतानाच जास्त उतरत असेल तर दाबाच्या पाइपात किंवा बॅकवॉशच्या वाटेत आणि दोन्ही दिवशी सारखंच उतरत असेल तर पूलच्या टाकीत किंवा लाइटच्या कोनाड्यात. पंप बंद असताना जास्त उतरत असेल तर सक्शनच्या, म्हणजे पंपाकडे पाणी ओढणाऱ्या, लाइनमध्ये.

बॅकवॉशची वाट वेगळी सांगायचं कारण मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी फिल्टरमधून पूलमध्ये जायचं की गटारात, हे दांडा फिरवून ठरवतो तो फिल्टरवरचा व्हॉल्व्ह. पंप चालू असताना त्याचा दांडा फिरवला की आतलं चाकाच्या आऱ्यांसारखं रबर, म्हणजे स्पायडर गास्केट, जागचं निघतं किंवा चिरतं. मग दांडा 'फिल्टर'वर असला तरी थोडं थोडं पाणी बॅकवॉशच्या पाइपातून गटारात जात राहतं. पाइपाचं तोंड चेंबरमध्ये असतं आणि चेंबरचं झाकण कोणी उघडत नाही. पंप 'फिल्टर'वर चालू ठेवून झाकण उघडा आणि दोन मिनिटं बघत राहा. पाइपाचं तोंड कोरडं राहायला हवं. धार दिसली तर गास्केट गेलं. व्हॉल्व्ह उघडून ते बदलणं हे तासाभराचं काम आहे, न बदलल्यास टँकरवाल्याची मैत्री वाढते.

बॅकवॉश वारावर करू नका, दाबावर करा. फिल्टर स्वच्छ असताना दाबाच्या गेजवरचा आकडा मार्करने फिल्टरच्या टाकीवरच लिहून ठेवा आणि त्याच्या वर अर्धा बार गेला की बॅकवॉश घ्या. साइट ग्लासमधलं, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या पारदर्शक नळीतलं, पाणी नितळ दिसलं की बंद, बहुधा तीन मिनिटांत. मग अर्धा मिनिट रिन्स, म्हणजे पाणी सुलट दिशेने पण गटारात. हे रिन्स टाळलं तर फिल्टरमधली घाण पुन्हा पूलमध्ये येते आणि मग "फिल्टर कामाचा नाही" अशी तक्रार सुरू होते.

रसायनं

पाण्यात मोकळं क्लोरीन १ ते ३ पीपीएम (१ पीपीएम म्हणजे लिटरमागे १ मिलिग्रॅम) आणि पीएच ७.२ ते ७.६. पीएच आधी, क्लोरीन नंतर, कारण ७.२ वर टाकलेल्या क्लोरीनचा सुमारे दोन तृतीयांश भाग जंतू मारायच्या कामाचा असतो आणि ८ वर जेमतेम पाव. पीएच न बघता क्लोरीनचा डोस वाढवत राहणं म्हणजे पैसे ओतणं.

पुण्यात पूलवाल्यांच्या हाती सर्रास असतं ते टीसीसीए-९० (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड, ९० टक्के क्लोरीनवालं), दाणेदार किंवा गोळ्या. ताकदवान, टिकाऊ, वापरायला सोपं. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम क्लोरीन खर्च होतं असं धरलं तर ४२,००० लिटरला ९० ते ९५ ग्रॅम, महिन्याला पावणेतीन किलो. पण त्याच्यासोबत सायन्युरिक अ‍ॅसिड येतं. ते क्लोरीनचं उन्हापासून रक्षण करतं, म्हणून थोडं हवंच, ३० ते ४० पीपीएम. अडचण अशी की ते उडत नाही आणि मुरतही नाही, साठत जातं. १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम सायन्युरिक, म्हणजे वरच्या डोसने महिन्याला ३६. दोन महिन्यांत ७० च्या पुढे. मग क्लोरीन सुस्तावतं, टेस्ट किटवर ते भरपूर दिसतं आणि तरी भिंतीला हिरवट बुळबुळ येते. पूलवाला आणखी टीसीसीए टाकतो आणि गाडं आणखी रुततं. उपाय एकच, पाणी बदलणं. ८० चं ४० करायला निम्मं पाणी, म्हणजे २१,००० लिटर, दोन टँकर. स्वस्त रसायनाचं खरं बिल हे असं येतं.

म्हणून सुरुवातीला टीसीसीएने सायन्युरिक ३०-४० वर आणा आणि मग रोजच्या डोसला दुसरं घ्या. पर्याय दोन. कॅल्शियम हायपोक्लोराइट, ६५ टक्केवालं, रोज १३० ग्रॅम, बादलीभर पाण्यात ढवळून, निथळून. किंवा लिक्विड, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, १० टक्के असेल तर रोज सुमारे ८५० मिली. भरायला बोअरचं पाणी असेल तर लिक्विडच बरं, कारण कॅल्शियमवालं आधीच जड असलेल्या पाण्यात महिन्याला ४० पीपीएमच्या आसपास कॅल्शियमचा जडपणा वाढवतं आणि टाइलला पाण्याच्या रेषेवर पांढरा पट्टा धरतो. लिक्विडचा दोष असा की उन्हात कॅन ठेवला तर त्याची ताकद झपाट्याने उतरते. सावलीत ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांपुरतंच घ्या. डोस संध्याकाळी, ऊन गेल्यावर.

टीसीसीए आणि कॅल्शियम हायपोक्लोराइट एकाच डब्यात, एकाच मापाने किंवा एकाच फीडरमध्ये कधीही नको. एकत्र आले तर पेट घेतात, स्फोटही होतो. अ‍ॅसिड यांच्यापैकी कशावरही सांडलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. पंपरूममध्ये तिघांच्या तीन जागा करा आणि मापाचे मग वेगळ्या रंगांचे ठेवा.

बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी (पीएच खाली येऊ न देण्याची पाण्याची ताकद) बहुधा चढी असते, त्यामुळे पीएच सारखा वर जातो. ती ८० ते १२० पीपीएममध्ये आणायला म्युरिएटिक (म्हणजे हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिड, ३० टक्केवालं. ४२,००० लिटरला दर १० पीपीएममागे सुमारे ९०० मिली. ३०० वरून १२० वर यायचं तर १६ लिटर लागतं, पण एका दिवशी एक लिटरहून जास्त नको. पंप चालू ठेवून, पाण्यात पातळ करून, खोल बाजूला आणि आधी बादलीत पाणी, मग अ‍ॅसिड. घाईने पीएच ७ च्या खाली गेला तर ग्राउट विरघळतं, शिडीला गंज चढतो आणि पंपाचं सीलही जातं. मोरचूद टाकून पाणी निळंशार दाखवायची युक्ती अजून चालते, पण तांब्याचे डाग टाइलवर बसतात आणि सोनेरी रंगवलेले केस हिरवे होतात. तुरटीला आमची हरकत नाही. गढूळ पाण्यात अर्धा-पाऊण किलो विरघळवून रात्री टाका, पंप बंद ठेवा, सकाळी दांडा 'वेस्ट'वर, म्हणजे थेट गटाराकडे, ठेवून तळाचा गाळ व्हॅक्यूम मारून काढा. दोन-तीन हजार लिटर पाणी जाईल, ते हिशेबात धरा.

सुटे भाग

पंपाचा सर्वात नेहमीचा खर्च मेकॅनिकल सीलचा (पंपातलं पाणी मोटरकडे जाऊ न देणारा भाग) आणि त्याचं मूळ बहुधा पाण्याची पातळी. उन्हाळ्यात पाणी स्किमरच्या, म्हणजे वरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खोबणीच्या, तोंडाच्या खाली उतरतं, पंप हवा ओढतो, कोरडा फिरतो आणि सील जळतं. मोटर आणि पंपाच्या मधून पाणी ठिबकायला लागलं की सील गेलं समजा. तसंच चालवलं तर पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि सीलच्या जागी मोटर भरून घ्यावी लागते. पातळी कायम स्किमरच्या तोंडाच्या मध्यावर ठेवा. इनलेटमधून, म्हणजे फिल्टरचं पाणी पूलमध्ये परत येतं त्या तोंडातून, बुडबुडे येत असतील तर आधी पंपाच्या बास्केटच्या झाकणाची ओ-रिंग बघा. ती पुसून सिलिकॉन ग्रीस लावलं की बहुतेक वेळा भागतं.

फिल्टरची वाळू चार-पाच वर्षांनी बदला, ६०० मिलिमीटरच्या फिल्टरला १२० ते १५० किलो. जड पाण्याने तिचे गोळे होतात, पाणी फटींतून निघून जातं आणि गेज मात्र छान दाब दाखवतो. लाइट १२ व्होल्टचेच ठेवा आणि बोर्डावर ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवंच. त्यावरचं टेस्टचं बटण महिन्याला एकदा दाबा.

पावसाळा आणि थंडी

पावसाळ्यात टँकर लागत नाही, पण पूल रिकामा करायचा मोह टाळा. जमिनीत पाणी भरलेलं असताना रिकामी टाकी खालच्या दाबाने उचलली जाऊ शकते, तडाही जाऊ शकतो. ओव्हरफ्लोचं तोंड जून उजाडण्याआधी साफ करा. कोणी पोहत नसलं तरी पंप रोज तीन-चार तास चालवा, क्लोरीन ठेवा. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या की महापालिकेची नोटीस येते.

थंडीत पूल गरम ठेवायची हौस असेल तर आधी हे गणित करा. ४२,००० लिटर पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४९ युनिट उष्णता लागते. साध्या हीटरने ४९ युनिट वीज, हीट पंपाने, म्हणजे हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणाऱ्या यंत्राने, १० ते १२. डिसेंबरच्या रात्री उघड्या पूलचं पाणी दोन-तीन अंश उतरलं तर हीट पंपानेही रोजचे २० ते ३५ युनिट झाले आणि तेही त्याच वरच्या टप्प्याच्या दराने. यातली बरीचशी उष्णता बाष्पीभवनाने जाते, म्हणून हीट पंपाच्या आधी बबल कव्हर, म्हणजे पाण्यावर पसरायचं हवेच्या फुग्यांचं प्लास्टिक, घ्या. तेच कव्हर मे महिन्यात टँकरही वाचवतं. फक्त क्लोरीनचा मोठा डोस दिलेल्या रात्री ते घालू नका, खालून ठिसूळ होतं.