शेतकरी कंपनीचा आराखडा कागदावरच का राहतो? या चुका टाळा

मराठवाड्यात शेतकरी उत्पादक कंपन्या भरपूर झाल्या. लातूर, धाराशिव, बीडकडे सोयाबीन-तुरीच्या, वसमत भागात हळदीच्या. बहुतेकांचा आराखडा चांगलाच असतो: गावात माल घ्यायचा, चाळणी-प्रतवारी करायची, थेट सोयाबीन तेलाच्या प्लांटला किंवा डाळ मिलला द्यायचा. तरीही काहींच्या शेडला दोन-तीन वर्षांत कुलूप लागतं. सभासदांनी विश्वासानं भागभांडवल दिलेलं असतं, म्हणून ते कुलूप मनाला जास्त लागतं. अडतं कुठं, तर आराखडा आणि रोजचं काम यांची गाठच पडत नाही.

पहिली चूक उद्दिष्टातच असते. ठरावात लिहितात, ‘यंदा 5,000 क्विंटल सोयाबीन खरेदी’. पण सप्टेंबरअखेर काढणी सुरू होते आणि मजुरी, उधारी, रब्बीची पेरणी यांमुळं लहान शेतकरी दिवाळीच्या आसपास माल मोकळा करतो. हातात सहा-सात आठवडे. महिन्याला एक बैठक घेणाऱ्या संचालक मंडळाला गडबड कळते तेव्हा हंगाम सरलेला असतो. उद्दिष्ट आठवड्यावर उतरवा. सहा आठवडे धरले तर आठवड्याला सुमारे 830 क्विंटल. मग आपोआप प्रश्न पडतात: बारदाना किती, हमाल किती, कोणत्या गावाचा काटा कोणत्या वारी?

आणि पैसा. भाव 4,500 रुपये धरला तर आठवड्याला साधारण 37 लाख लागतात. शेतकऱ्याला पैसे काट्यावर हवेत, प्लांट पंधरा दिवसांनी देणार असेल तर 75 लाख अडकले. बँकेच्या कर्जाची मर्यादा 25 लाखांची असेल तर खरेदी पहिल्याच आठवड्यात थांबते. हे गणित ऑगस्टमध्येच मांडा. उद्दिष्ट कमी करा, नाहीतर पैसे लवकर देणारा खरेदीदार आधी पक्का करा.

नफा सर्वांत जास्त गळतो तो ओलाव्यात, आणि ताळेबंदात तो नुसता ‘घट’ म्हणून दिसतो. 15 टक्के ओलाव्याचे 100 क्विंटल घेतले आणि वाळून ते 12 टक्क्यांवर आले, तर हाती 96.6 क्विंटल उरतात. साडेचार हजारांच्या भावानं 15,000 रुपये गेले. क्विंटलमागं 100 रुपये सुटतील असा हिशोब होता, म्हणजे अख्खा नफा जाऊन वर पदरचे पाच हजार. ओळखीच्या माणसाचा माल ओलावा मोजणारं मीटर न लावता घेणं इथंच महागात पडतं. संचालकाचा माल असो की चुलत्याचा, मीटर लागलाच पाहिजे आणि आकडा पावतीवर आलाच पाहिजे.

‘सगळे मिळून बघू’ हेही टाळा. प्रत्येक कामापुढं एकच नाव, एकच तारीख. हंगामात दर सोमवारी अर्धा तास बसा आणि सुरुवात मागच्या सोमवारच्या निर्णयांच्या वाचनानं करा. समोर चारच आकडे असू द्या: खरेदी, सरासरी ओलावा, क्विंटलला पडलेला एकूण खर्च, येणं बाकी.

अनुदान मिळतंय म्हणून खतं-औषधांचं दुकान, अवजार बँक, डाळ मिल एकाच वर्षी काढू नका. केंद्राच्या 10,000 एफपीओ (म्हणजे शेतकरी उत्पादक कंपन्या) योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी तीन वर्षांत कमाल 18 लाख मिळतात. चौथ्या वर्षी सीईओचा पगार धंद्यातूनच निघायला हवा.

निकाल बिघडला की आधी रोग ओळखा. ओलावा आणि भाव ठरल्याप्रमाणे पाळूनही नफा सुटला नाही, तर आराखड्यातला अंदाज चुकला. धंद्याची मांडणी बदला. नफा सुटला पण माल आला नाही, तर गावातला संपर्क किंवा रोख पैसा कमी पडला. आणि ओलावा-भाव पाळलेच नसतील, तर आराखड्याला हात लावू नका, आधी काटा सुधारा. बऱ्याच ठिकाणी याच्या उलट होतं: दरवर्षी नवा आराखडा आणि काट्यावर जुनीच सवय.

प्लांटचे दर रोज बदलतात, म्हणून सीईओला हद्द लिहून द्या: अमुक दरापर्यंत, अमुक ओलाव्यापर्यंत, दिवसाला इतके क्विंटल त्यानं न विचारता घ्यावेत. त्यापुढं गेलं तर अध्यक्षांना फोन. ही हद्द खरेदी सुरू होण्याआधीच मंडळाच्या ठरावात यायला हवी.