टाके निघण्याआधी फिजिओ ठरवा

गुडघ्याच्या एसीएलचं (गुडघा स्थिर ठेवणाऱ्या आतल्या अस्थिबंधाचं) ऑपरेशन ठरलं की घरात सगळी धावपळ इन्शुरन्सची. फिजिओ कोण, हे डिस्चार्जच्या दिवशी आठवतं. माझंही तसंच झालं, म्हणून सांगतो: दोन-तीन क्लिनिकं ऑपरेशनआधीच बघून या. पाटीवर बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) किंवा एमपीटीएच (त्यापुढची पदव्युत्तर) आणि राज्य परिषदेचा नोंदणी क्रमांक शोधा. इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाची पदवी आहे ती, मालिशवाल्याची गोष्ट वेगळी. आणि जिना मोजा. मी निवडलेलं क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वॉकर मागून भाऊ घेऊन यायचा.

फाइलीत एमआरआयबरोबर ऑपरेशन नोट हवीच, ती हॉस्पिटलकडून मागून घ्या. ग्राफ्ट (तुटलेल्या एसीएलच्या जागी बसवलेली पट्टी) कुठला, मेनिस्कस (गुडघ्यातली कुर्च्याची गादी) शिवला का, हे त्यात असतं. शिवला असेल तर गुडघा किती वाकवायचा, पायावर भार किती टाकायचा, याला सुरुवातीचे काही आठवडे सर्जन मर्यादा घालतात. हा कागद न वाचताच कुणी मशीनच्या वायरी लावायला घेतल्या, तर समजून जा.

पहिल्या दिवशी सैल हाफ पँट घाला आणि फिजिओ चांगल्या गुडघ्यालाही हात लावतो का ते बघा. माझी दुसरी फिजिओ गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायची पट्टी) लावून दोन्ही गुडघ्यांचे अंश वहीत लिहायची. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी, मग "मांडी आवळा", आणि वाटी वर सरकते का हे बोटाने चाचपायची. सुरुवातीला वाकवण्याची घाई सगळ्यांना असते, पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चाल लंगडी राहते. त्याआधीच्या पहिल्या फिजिओकडे पंधरा मिनिटं आयएफटी (दुखण्यावर मशीनने दिलेला सौम्य करंट), दहा मिनिटं शेक, "या उद्या". तीन आठवड्यांनी पाय दहा अंश वाकडाच!

रोज तुम्हीच बघणार का, घरचे व्यायाम लिहून देणार का, हे विचारा. तीन महिन्यांत कबड्डी खेळवतो म्हणणाऱ्याकडून सरळ उठून या. मैदानासाठी साधारण नऊ महिने धरा, तेही मांडीची ताकद तपासून. तीस सीटिंगचे पैसे आगाऊ भरू नका.

सर्जनचा नंबर मोबाइलमध्ये वरच ठेवा. पोटरी सुजून दुखू लागली, ताप आला, टाक्यांतून पाणी आलं, तर त्याच दिवशी त्यांना फोन करा. तोवर पोटरी कुणाला चोळू देऊ नका, आजीलाही नाही.