गादीवाफा भरताना काळी माती किती घ्यावी?

विटांची चौकट बांधायची आणि अंगणातल्याच काळ्या मातीने ती काठोकाठ भरायची, ही चूक नाशिकमध्ये सर्रास होते. हीच माती शेतात उत्तम पीक देते, पण फूटभर खोल चौकटीत तिचं वागणं बदलतं. पावसाळ्यात ती फुगून घट्ट बसते, हवा कोंडते आणि मुळं कुजतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून काळी माती दहात एक भाग, फार तर दोन. अगदीच वगळू नये, कारण एप्रिल-मेच्या उन्हात ओल आणि अन्नद्रव्यं धरून ठेवण्याचं काम तीच करते.

धरणातला गाळ हलका असतो, हाही एक गैरसमज. आपल्याकडचा गाळ बहुतेक काळ्या मातीचाच वाहून आलेला बारीक भाग असतो. ओली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये दाबत पट्टी काढून पाहा. दोन इंचांहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती चिकण आहे, विकणारा काहीही म्हणो. मुख्य माती म्हणून त्र्यंबक-इगतपुरीकडची तांबडी माती किंवा नदीकाठचा भुसभुशीत पोयटा घ्यावा. सुक्या मातीवर व्हिनेगरचे चार थेंब टाका. फसफसली तर तिच्यात चुनखडी आहे. अशा मातीत झाडाला लोह मिळत नाही, कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. म्हणून चुलीतली राख या वाफ्यात घालू नका, तिने मातीचा विम्लपणा (आम्लाच्या उलट गुण) वाढतो. रॉक फॉस्फेट (दळलेल्या खडकाचं स्फुरद खत) हेही अशा मातीत विरघळत नाही, पैसे वाया जातात.

आता हिशेब. 6 बाय 3 फुटांचा, 1 फूट खोल वाफा म्हणजे 18 घनफूट, साधारण 510 लिटर. कालवताना आणि पाणी दिल्यावर मिश्रण बसतं, म्हणून जवळपास पाचवा हिस्सा जास्त धरा: साधारण 600 लिटर. 15 लिटरच्या बादलीने मोजलं तर 40 बादल्या होतात. तांबडी माती 16, कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत 12, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 4, भाताचं तूस 4 आणि काळी माती 4. मोजायचं ते बादलीने, वजनाने नाही. ओलं शेणखत आणि सुकं तूस यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक असतो. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात काळी माती घालू नका, त्याऐवजी तांबडी वाढवा. नाहीतर गाजराला फाटे फुटतात.

कोकोपीटची 5 किलोची वीट भिजून 60-70 लिटर होते, म्हणजे एक पुरते. ती दोन-तीनदा भरपूर पाण्यात भिजवून निथळून घ्या, नाहीतर तिच्यातला क्षार रोपांची टोकं करपवतो. तूस इगतपुरीकडच्या भातगिरण्यांत मिळतं. वाळूच घ्यायची असेल तर जाड घ्या. क्रशरची बारीक पूड चिकणमातीत मिसळली की सिमेंटसारखी बसते.

सगळ्यात जास्त घोटाळा शेणखतात होतो. चांगलं खत काळपट असतं, हातात भुगा होतो आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. काडी ओळखू येत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर गरम लागत असेल तर ते अजून कुजतंय. ते मुळं भाजतं, नत्र स्वतःकडे ओढतं आणि सोबत हुमणीही आणतं. इंग्रजी सी अक्षरासारखी वाकलेली पांढरी अळी दिसली की ढीग उन्हात पसरा आणि अळ्या वेचून काढा. मातीत लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दिसल्या तर ती माती परत करा. त्या गाठी चाळून संपत नाहीत.

काळ्या मातीची ढेकळं सुकी असतानाच फोडा. ताडपत्रीवर आधी माती आणि खत, मग तूस-कोकोपीट असे थर घालून फावड्याने तीनदा उलटापालट करा. निंबोळी पेंड अर्धा ते एक किलो पुरते. भरण्यापूर्वी वाफ्याखालची जमीन टिकावाने अर्धा फूट उकरा. तळाशी खडी घालू नका: बारीक मातीतलं पाणी जाड खडीत सहजी उतरत नाही, उलट वरच तुंबतं.

गच्चीवर हे मिश्रण नको. ओली माती घनफुटाला 45 ते 50 किलो भरते, म्हणजे हाच वाफा आठ-नऊशे किलोंचा. तिथे कोकोपीट आणि गांडूळखताचंच हलकं मिश्रण, तेही स्लॅबचा भार इंजिनिअरला विचारून.

भरायचं काम मे महिन्यात उरका. पाणी देऊन दोन-तीन आठवडे बसू द्या आणि एका कोपऱ्यात मूठभर मूग टाका. चार-पाच दिवसांत सरळ उगवले तर लागवड करा. पानं मुरडलेली निघाली तर खतात तणनाशकाचा अंश असू शकतो. मग त्या वाफ्यात टोमॅटो-मिरची लावू नका. दरवर्षी वाफा इंच-दोन इंच खाली बसेल. ती तूट खताने भरायची, मातीने नव्हे.