मिशनला निघण्याआधी घरची तयारी

यूएनच्या (संयुक्त राष्ट्रांच्या) शांतता मिशनची ऑर्डर आली की पोरं आधी ट्रंकेवर नाव रंगवायला घेतात. ट्रंक काय, शेवटच्या दोन दिवसांत भरून होते. वर्षभर अडतं ते घरी, म्हणून तयारीही तिथूनच सुरू कर. दक्षिण सुदानला निघालेल्या जवानासाठी हे लिहितोय. काँगो किंवा लेबनॉनवाल्याने घड्याळ आणि हवामान तेवढं बदलून घ्यावं.

पहिला मान मोबाइल नंबरचा. बँक, आधार, गॅस, सगळीकडे तुझाच नंबर लावलेला असतो आणि ओटीपी त्याच सिमवर येतो. ते सिम खिशात घालून तिकडे दक्षिण सुदानातल्या मलाकालला नेलंस तर घरी वहिनी बँकेच्या ॲपपुढे हात चोळत बसणार. सिम जुन्या फोनमध्ये घालून घरीच ठेव आणि रिचार्जची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून दे, नाहीतर नंबरच बंद पडायचा. व्हॉट्सॲप मात्र निघण्याआधीच आपल्या फोनवर सुरू करून घे, त्याचा कोडही त्याच सिमवर येतो. खातं जॉइंट करून टाक; एटीएमचा पिन चिठ्ठीवर लिहून देण्यापेक्षा ते कधीही बरं.

मग कागद. लग्न झालं, मूल झालं, पण पार्ट टू ऑर्डर, म्हणजे युनिटच्या रेकॉर्डमधली त्याची अधिकृत नोंद, निघाली नाही असा एखादा तरी गडी सापडतोच. ती नसेल तर डिपेंडंट कार्ड अडतं आणि मिलिटरी हॉस्पिटलच्या खिडकीवर घरचे हुज्जत घालत बसतात. ग्रुप इन्शुरन्सचं नॉमिनेशन लग्नाआधीचं आहे का, तेही क्लार्ककडे बसून डोळ्यांनी बघ. शेती तुझ्या नावावर असेल तर पीक कर्ज, विमा, ई-पीक पाहणी यातलं काय कोण करणार ते ठरव, आणि सहीचं काम असेल त्यासाठी भावाला किंवा वडिलांना मुखत्यारपत्र करून दे. खरिपाची घाई असेल तेव्हा तूही तिकडे चिखलात असशील. मलाकाल, बोरकडची काळी माती पावसात आपल्यासारखीच गाडी गिळते.

फोनची वेळ आधीच ठरव. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे. संध्याकाळी सातला रोलकॉल आटोपून फोन लावलास तर घरी साडेदहा वाजलेले, पोरं झोपलेली. पहाटे पाचला लावलास तर इकडे साडेआठ, म्हणजे दप्तर आणि डब्याची धावपळ. त्यामुळे मुलांसाठी रविवार आणि बायकोसाठी रात्र असं वाटून घेतलेलं चालतं. नेट नसेल, गस्त लांबेल, तेव्हा फोन आला नाही म्हणजे काही झालं असं नाही, हे आईला एकदा समोर बसून सांग. आणि गस्त कुठे, कधी, हे घरच्या ग्रुपवरही नाही. फोटो पाठवायचा तर लोकेशन बंद करून.

एक विषय सगळेच टाळतात. वडील आजारी पडले तर तुला सांगायचं की नाही? माझं मत विचारशील तर सांगायचं, त्याच दिवशी. लपवलेलं शेजारच्या पोराच्या मेसेजमधून कळतंच. पण सुट्टी मंजूर झाली तरी आधी यूएनच्या विमानाने राजधानी जुबा, तिथून पुढे परदेशी विमानतळ बदलत दिल्ली किंवा मुंबई, तिथून गाव. सकाळी निघून रात्री पोचण्यातलं हे नाही. म्हणून पहिले दिवस दवाखान्यात कोण थांबणार, सही कोण करणार, पैसे कुठून उचलणार, हे भावंडांनी आजच ठरवावं. रिअर पार्टीचा (युनिटची इकडे मागे राहिलेली तुकडी) आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा नंबर घरी दोघांच्या फोनमध्ये तरी पाहिजे.

तुझं स्वतःचं थोडक्यात. पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी, आणि तिचं कार्ड पासपोर्टसोबत. मलेरियाची गोळी डॉक्टर सांगतील तशी, चुकवायची नाही. मच्छरदाणीला भोक दिसलं की त्याच रात्री शिवायचं. चष्मा असेल तर दुसरा घे, चार्जरही दोन घे, आणि सुई-दोरा ट्रंकेच्या तळाशी नको, वरच ठेव.