इमारतींच्या सुरक्षेत नव्याने येताय? आधी सेकंद मोजायला शिका

फिजिकल सिक्युरिटीत नव्याने आलेली मुलं-मुली हमखास विचारतात, कुठला कॅमेरा चांगला, कुठल्या कंपनीचं अ‍ॅक्सेस कंट्रोल (कोणाला कुठलं दार उघडेल हे ठरवणारी कार्ड-यंत्रणा) शिकू? प्रश्न रास्त आहे, नोकरीच्या जाहिरातींत तीच नावं दिसतात. पण उपकरणं कामाच्या ओघात हाताखालून जातातच. मुद्दाम बसून शिकावी लागते ती वेळेची आकडेमोड, आणि ती सहसा कोणी शिकवत नाही.

कुंपण, दार, तिजोरी यांतलं काहीच माणसाला कायमचं अडवत नाही. पुरेसा वेळ आणि हत्यारं मिळाली की सगळं फुटतं. दारं बनवणाऱ्यांनाही हे मान्य आहे. युरोपातल्या ईएन १६२७ मानकात दाराची ताकद मिनिटांतच मोजतात: आरसी २ वर्गाचं दार ठरावीक हत्यारांपुढे ३ मिनिटं टिकायला हवं, आरसी ३ चं ५ आणि आरसी ४ चं १०. म्हणजे दार विकत घेताना आपण मिनिटं विकत घेतो. त्या मिनिटांत कोणी धावून येणार नसेल, तर पैसे वाया गेले.

एक हिशेब करून बघा. कुंपण चढायला १० सेकंद, आवार ओलांडायला २०, बाजूचं दार फोडायला ६०, आतला पॅसेज १५, आणि स्टोअरचं कपाट उघडायला ९०. एकूण १९५ सेकंद. आता गार्डची बाजू: अलार्म खरा आहे का हे कॅमेऱ्यावर बघायला ३० सेकंद आणि तिथवर पोहोचायला १२०, म्हणजे १५०. दारावर नेहमीचा मॅग्नेटिक कॉन्टॅक्ट असेल तर तो दार उघडल्यावरच वाजतो. तेव्हा चोराचे फक्त १०५ सेकंद उरलेले असतात. गार्ड पाऊण मिनिट उशिरा पोहोचतो आणि रिकामं कपाट बघतो. त्याच दारावर व्हायब्रेशन सेन्सर लावला तर पहिल्या घावालाच अलार्म येतो, १६५ सेकंद हातात असतात आणि गार्ड १५ सेकंद आधी पोहोचतो. कुंपणावरच सेन्सर असेल आणि चढायला लागताच वाजला तर ४५ सेकंद आधी. दार तेच, गार्ड तोच. फक्त खबर लवकर मिळाली.

यातूनच पुढचं समजतं. खबर लागण्याआधी गेलेला वेळ आपल्या काहीच कामाचा नसतो. गार्डचा प्रतिसाद मोजायचा तर स्टॉपवॉच घेऊन मोजा, रात्री तीन वाजता आणि पावसातसुद्धा. कागदावर लिहिलेल्या ‘दोन मिनिटां’वर विसंबू नका. खोट्या अलार्मकडेही याच नजरेने बघा. रोज रात्री झाडाच्या फांदीने वाजणारा सेन्सर गार्डला दुर्लक्ष करायला शिकवतो. मग खऱ्या अलार्मला उठायला त्याला वेळ लागतो, आणि दोष त्याच्या माथी मारला जातो. फांदी छाटणं हे सुरक्षेचंच काम आहे.

कॅमेऱ्यांबद्दल एकच आकडा पाठ करा. आयईसी ६२६७६-४ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीत अनोळखी माणसाची ओळख पटवायला मीटरमागे २५० पिक्सेल सांगितले आहेत, ओळखीचा माणूस ओळखायला १२५. नेहमीच्या फुल एचडी चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. भागाकार केला की कळतं, साडेसात मीटरपेक्षा रुंद दृश्य धरलं तर चेहऱ्यावरून अनोळखी माणूस ओळखता येणार नाही. अख्खं पार्किंग एका कॅमेऱ्यात दाखवून खूश होणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांना हा भागाकार शांतपणे करून दाखवा.

साइट सर्व्हेला गेलात की दारांपाशी रेंगाळा. दार मोकळं सोडून बघा, क्लोजर (दार आपोआप मिटवणारा हात) ते लॅचपर्यंत ओढतो की बोटभर फट राहते? बिजागऱ्या बाहेरच्या बाजूला असतील तर त्यांच्या पिना निघतात का? खोलीची भिंत फॉल्स सीलिंगच्या वर स्लॅबपर्यंत गेलीय की पॅनेलपाशीच थांबलीय? महागड्या कार्ड रीडरच्या बाजूच्या दारात लाकडाची पाचर अडकवलेली दिसली, तर ती कोणी आणि का ठेवली हे विचारा. बहुतेकदा कोणाला तरी रोज सामान न्यायचं असतं आणि कार्ड दिलेलं नसतं. त्या माणसाची सोय लावा, पाचर आपोआप जाईल. रीडरवर जुनी १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं चालत असतील तर तेही टिपा. त्यांची नक्कल सहज होते.

आग आणि सुरक्षा यांची ओढाताण प्रत्येक इमारतीत असते. मॅग्नेटिक लॉक वीज गेली की उघडतं; काही इलेक्ट्रिक स्ट्राइक (चौकटीत बसवलेले विजेवर चालणारे खटके) वीज गेल्यावरही बाहेरून बंदच राहतात. कुठे काय वापरायचं यावर चर्चा होऊ शकते, पण आतल्या माणसाला किल्ली-कार्डाशिवाय बाहेर पडता आलंच पाहिजे. चोरी टाळायला सुटकेच्या दाराला साखळी घालायला कोणी सांगितलं, तर तिथे ठाम नकार द्या.

वाहनांच्या बाबतीत अंतर हीच पहिली ढाल. १९ एप्रिल १९९५ ला ओक्लाहोमा सिटीत मर्रा फेडरल इमारतीसमोर रस्त्यालगत उभ्या केलेल्या ट्रकमधला बॉम्ब फुटला आणि १६८ माणसं गेली. जवळचे खांब तुटताच त्यांच्या आधारावरचे मजले एकामागून एक कोसळले. त्याच वर्षी अमेरिकेने सरकारी इमारतींच्या सुरक्षेसाठी आंतरविभागीय समिती नेमली. स्फोटाचा दाब अंतराबरोबर फार झपाट्याने उतरतो, म्हणून बोलार्ड (गाड्या अडवणारे जमिनीत रोवलेले खांब) इमारतीपासून शक्य तितके दूर लावतात. बोलार्डचा वर्गही नीट वाचा: एएसटीएम एफ२६५६ या मानकातला एम३० म्हणजे सुमारे ६,८०० किलोचा ट्रक ताशी ४८ किलोमीटरने आदळला तरी अडवणारा, एम५० म्हणजे तोच ट्रक ८० ने आदळला तरी. ऊर्जा वेगाच्या वर्गाने (स्क्वेअरने) वाढते, त्यामुळे एम५० ला जवळजवळ पावणेतीन पट मार सोसावा लागतो. रस्त्याला वळण देऊन वेग कमी करता आला, तर हलका बोलार्डही पुरतो.

प्रमाणपत्रांचं थोडक्यात. एएसआयएस इंटरनॅशनल ही सुरक्षा क्षेत्रातल्या व्यावसायिकांची १९५५ पासूनची संस्था. तिचं पीएसपी (फिजिकल सिक्युरिटी प्रोफेशनल) हे प्रमाणपत्र खास फिजिकल सिक्युरिटीसाठी आहे, पण त्याला अनुभवाची अट आहे. आधी काम करा. सुरुवातीला कंट्रोल रूमची रात्रपाळी मिळाली तर नाही म्हणू नका. अलार्म कसे येतात, कोण कुठे कंटाळतं, राउंड कुठे चुकवला जातो, हे तिथेच दिसतं. इलेक्ट्रिशियन किंवा फायर अलार्मच्या कामातून आलेली माणसंही या क्षेत्रात उत्तम रुळतात, कारण त्यांना वायर कुठून कुठे जाते ते माहीत असतं.

आणि रिपोर्ट लिहायला शिका. ‘सुरक्षा अपुरी आहे’ या वाक्यावर कोणी पैसे मंजूर करत नाही. ‘बाजूच्या दाराचा अलार्म वाजल्यावर १०५ सेकंदांत माल जातो, गार्ड १५० सेकंदांत पोहोचतो, व्हायब्रेशन सेन्सरने हे अंतर भरून निघेल’ असं लिहा, सोबत दाराचा फोटो जोडा, आणि सेन्सर बसल्यावर तीच चाचणी पुन्हा घेण्याची तारीखही त्यातच टाका.